पाण्यावर चालणारी गाडी

पाण्यावर चालणारी गाडी : पेट्रोल-डिझेलशिवाय, निव्वळ पाण्यावर (क्वचित हवेवर किंवा वनस्पतींच्या काढ्यावर) मोटार चालते असा दावा अधूनमधून होतो, त्याची मोठी बातमी होते आणि तिच्याबद्दल लोकांत शंका उठते. दावा, बातमी आणि शंका या तिन्हींचा विचार येथे इंदूरच्या मराठी वाचकाला समोर ठेवून केला आहे.

इंदूरला हा विषय दोन बाजूंनी जवळचा आहे. हिंदी पत्रकारितेत या शहराचा मान मोठा. १९४७ साली सुरू झालेल्या ‘नईदुनिया’ला राहुल बारपुते यांच्यासारखे मराठीभाषक संपादक लाभले. रामबागेतल्या मराठी घरांतही सकाळचे वर्तमानपत्र बहुधा हिंदीच असते, आणि त्यात आलेली ‘पानी से चलने वाली कार’ दुपारपर्यंत पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांच्या मोबाइलवर पोहोचलेली असते. दुसरी बाजू गॅरेजांची. मारुती व्हॅन घरगुती गॅस सिलिंडरवर चालवण्याचा बेकायदा प्रकार एके काळी मध्य प्रदेशातल्या शहरांत सर्रास चाले. रस्त्याकडेच्या मिस्तरीने पेट्रोलच्या गाडीला गॅस जोडून दिलेला ज्यांनी पाहिला, त्यांना उद्या पाणीही जोडता येईल असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा व्हॅनना लागलेल्या आगी ज्यांना आठवतात, त्यांच्या मनात मात्र आधी शंकाच येते. विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच अनुभवातून आलेले असल्यामुळे, असे दावे केवळ अडाणी लोक खरे मानतात हे म्हणणे चुकीचे आहे.

विज्ञानाच्या दृष्टीने मुद्दा सरळ आहे. पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन. त्याचे पुन्हा इंधन करायचे तर जळताना बाहेर पडलेली ऊर्जा परत घालावी लागते. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे ९ लिटर पाणी आणि किमान ३९ युनिट वीज लागते. प्रत्यक्ष यंत्रांत हा खर्च ५० युनिटांच्या पुढे जातो. तोच हायड्रोजन मोटारीच्या इंजिनात जाळला तर कामाला येणारी ऊर्जा जेमतेम १० युनिटांची. ही वीज गाडीच्याच बॅटरीतून आणि इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरमधून घ्यायची म्हटली तर दर फेऱ्याला तूटच वाढत जाते. ‘पाण्याने मायलेज दुप्पट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या किटचा हिशेबही याच ठिकाणी अडतो.

तरीही काही गाड्या खरोखर चालतात, आणि तिथेच नीट पाहण्याची गरज असते. २०१०च्या दशकात मध्य प्रदेशातल्याच सागर शहरातील एका मेकॅनिकची पाण्यावरची गाडी देश-परदेशांतल्या बातम्यांत गाजली. त्या गाडीत पाण्याबरोबर कॅल्शियम कार्बाइड होते. आंबे पिकवण्यासाठी चोरून वापरतात आणि वेल्डिंगवाल्यांकडे असते, तेच हे कार्बाइड. त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि इंजिन त्या वायूवर चालते. यात लबाडी नाही, रसायनशास्त्र पक्के आहे. पण इंधन कार्बाइड आहे, पाणी नव्हे. शुद्ध कार्बाइडच्या ६४ किलोंपासून २६ किलो ॲसिटिलीन मिळते. त्यामुळे एक लिटर पेट्रोलइतक्या ऊर्जेला दीड ते दोन किलो कार्बाइड खर्ची पडते, आणि ते कार्बाइड चुना व कोक (भाजलेला दगडी कोळसा) विजेच्या भट्टीत सुमारे २,००० अंश सेल्सिअसला तापवून बनलेले असते. शिवाय हवेत ॲसिटिलीनचे प्रमाण अडीच टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. अशा गाडीच्या बातमीत पाण्याची बाटली ठळक दिसते, कार्बाइडचे वजन आणि भाव मात्र बहुधा छापलेले नसतात.

बातमीचा साचा ठरलेला आहे. शिक्षण अर्धवट राहिलेला कल्पक माणूस, दाद न देणारे अधिकारी, कॅमेऱ्यासमोर टाकीत ओतलेले पाणी आणि शेवटी परदेशी कंपनीचे बोलावणे. १९९६ मध्ये तामिळनाडूतील रामर पिल्लै यांचे वनस्पतींपासून बनवल्याचा दावा असलेले ‘हर्बल पेट्रोल’ याच वाटेने देशभर पोहोचले. शास्त्रज्ञांनी घेतलेल्या चाचण्यांत ते टिकले नाही. पुढे त्या नावाने टोल्युइन, नॅफ्था यांसारख्या पेट्रोलजन्य रसायनांचे मिश्रण विकल्याचा खटला सीबीआयने भरला आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. दाव्याच्या बातम्या पहिल्या पानावर झळकल्या होत्या. निकाल वीस वर्षांनी आला, तोवर मूळ बातमी वाचणाऱ्या पिढीचे लक्ष कधीच उडाले होते. २०१२ मध्ये पाकिस्तानात आगा वकार अहमद यांच्या ‘वॉटर किट’ला मंत्री आणि वाहिन्यांचे निवेदक यांनी उचलून धरले, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ परवेझ हूडभॉय यांना टीव्हीवर उष्मागतिकीचे (उष्णता व ऊर्जेच्या शास्त्राचे) नियम समजावून सांगावे लागले. अमेरिकेत स्टॅन्ले मायर यांचा ‘वॉटर फ्युएल सेल’ ओहायोच्या न्यायालयाने १९९६ मध्येच फसवणूक ठरवून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले होते. त्यांच्या चित्रफिती आजही फिरतात.

हवेवरच्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. फ्रान्सच्या एमडीआय कंपनीशी टाटा मोटर्सने २००७ मध्ये करार केला होता, तंत्रही खरे होते. अडचण साठवणुकीची होती. ३०० लिटरच्या टाकीत ३०० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे ३०० पट, दाबाने भरलेल्या हवेत आदर्श स्थितीतही सुमारे ५१ मेगाज्यूल ऊर्जा मावते, म्हणजे जेमतेम दीड लिटर पेट्रोलएवढी. गाडी भारतात विक्रीला आली नाही, पण ‘लवकरच येणार’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरत राहिला.

अशा बातम्यांमुळे होणारे खरे नुकसान खऱ्या इंधनांचे असते. दहा वेळा फसलेला वाचक अकराव्या वेळी सगळ्यालाच थोतांड म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानुसार दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर जाताना पंपांवरच्या रांगा आणि स्फोटाची भीती यांच्याच बातम्या जास्त गाजल्या. २००२ अखेरीस मात्र तिथल्या बसगाड्या सीएनजीवर आल्या होत्या. याउलट २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलबद्दल वाहनचालकांनी घेतलेली शंका निराधार नव्हती. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि जुन्या धर्तीच्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद होते. हा आकडा आधीपासून ठळकपणे छापला गेला असता, तर इंजिनच निकामी होते यासारख्या अफवांना इतके बळ मिळाले नसते.

इंदूरमध्ये खऱ्या पर्यायी इंधनाचे उदाहरण देवगुराडियाच्या गोबर-धन प्रकल्पात आहे. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. रोज ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १७ टन बायो-सीएनजी बनवण्याची त्याची क्षमता असून शहर बसगाड्यांना हा गॅस पुरवला जातो. साधारण ३२ किलो कचऱ्यामागे एक किलो गॅस, असा हा हिशेब कोणालाही पडताळता येतो. ‘कचऱ्यावर चालणारी बस’ हा मथळा म्हणूनच खोटा ठरत नाही.

वाहनाच्या नव्या नमुन्याची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घेणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार उत्पादकाला बंधनकारक आहे. पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही अशी संस्था. इंदूरशेजारी पिथमपूरला नॅट्रॅक्स हे चाचणी केंद्र असून तिथली ११.३ किमीची वेगवान धावपट्टी २०२१ मध्ये सुरू झाली. बातमीपुरती पडताळणी मात्र याहून बरीच सोपी आहे. मूळ इंधनाची टाकी उतरवायची, बॅटरी बाहेरून पूर्ण भरून घ्यायची, सोबत लागणारे प्रत्येक रसायन तराजूवर तोलायचे, गाडी संशोधकाऐवजी दुसऱ्याने किमान ५० किमी चालवायची, आणि शेवटी बॅटरी व रसायन पुन्हा मोजायचे. सेकसरिया तंत्रज्ञान संस्थेसारख्या शहरातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्राध्यापकाला सोबत घेतले तर हे काम एका दिवसात होते. दावा करणाऱ्या मिस्तरीलाही शाल-श्रीफळापेक्षा अशा नोंदीचा कागद अधिक उपयोगी पडतो, कारण त्याच्या जोडणीत खरोखर काही नवे असेल तर ते त्यातूनच पुढे येते.