माठावरचं फडकं आणि नारू

माठाच्या तोंडावर फडकं बांधून पाणी गाळायची पद्धत आपल्याकडे जुनीच, पण एके काळी ती सरकारी मोहिमेचा भाग होती हे आता फारसं कुणाला माहीत नसतं, कारण पाण्यातून होणारा नारू हा जंताचा रोग झालेला माणूसच आपण पाहिलेला नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पायाला फोड यायचा, तो फुटला की दोऱ्यासारखा पांढरा जंत डोकं काढायचा, मग तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा आणि मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस ऐन पेरणीत अंथरुणाला खिळायचा. मादी मीटरभर लांबीची असू शकते!

रशियाच्या फेडचेंको या शास्त्रज्ञाने 1870 च्या सुमारास दाखवलं की नारूच्या अळ्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्यात वाढतात. तो किडा पाण्याबरोबर पोटात गेला की साधारण वर्षभराने जंत बाहेर येतो. आपल्या बारवा म्हणजे त्याला आयतंच, लोक पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहणार, फोडातनं अळ्या सुटणार आणि तेच पाणी हंड्यातून घरी.

1983-84 मध्ये देशपातळीवर निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा महाराष्ट्र धरून 7 राज्यांत 40 हजारांच्या आसपास रुग्ण सापडले. लस नाही, गोळी नाही, त्यामुळे विहिरीत टेमेफॉस हे सायक्लॉप्स मारणारं औषध टाकायचं, बारवांच्या पायऱ्या बंद करून पाणी वरून शेंदायची सोय करायची, हातपंप बसवायचे आणि घरोघरी पाणी गाळायला लावायचं, एवढंच हातात होतं. शेवटचा रुग्ण 1996 ला राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

आता गंमत अशी की सायक्लॉप्स कपड्यात अडकतो, पण टायफॉइड-काविळीचे जंतू आरपार जातात. कॉलराचं थोडं वेगळं आहे, त्याचे जंतू अशाच किड्यांना चिकटलेले असतात, म्हणून बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून पाणी गाळायला लावलं तर कॉलरा जवळपास निम्म्याने घटला, हा अभ्यास 2003 चा. जुनीच साडी बरी, धुऊन धुऊन तिची वीण दाट होते. बाकीच्या जंतूंना मात्र उकळणं किंवा क्लोरीन लागतंच, आणि क्लोरीन टाकून अर्धा तास थांबायचं, हे बरेच जण विसरतात. आणि एवढं सगळं करून माठात हात घालून पेला बुडवला की झालं, म्हणून लांब दांड्याचं ओगराळं तरी ठेवा नाहीतर नळाचा माठ आणा.