पार्श्वभूमी : दोनशेची पावती आणि रात्रीचा डंपर

मुंबईत रस्त्यावर कचरा टाकायला मनाई आहे, ती 1888 च्या महापालिका कायद्यापासूनच. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुर्ला ते चेंबूर रूळ पडले तेही शहराचा कचरा वाहून न्यायला. त्यांवरून प्रवासी जाऊ लागले 1924 मध्ये. 1927 पासून देवनारला कचरा पडू लागला. शहराबाहेर नेऊन टाकला की झालं, हेच धोरण मग कित्येक दशकं चाललं.

कचरा टाकणाऱ्यांपैकी दंड कोणाला करायचा आणि तो कोणी वसूल करायचा, या आजच्या वादाची सुरुवात मात्र 26 जुलै 2005 च्या महापुरापासून धरावी लागते. पाणी ओसरल्यावर तुंबलेली गटारं, नाल्यांतलं प्लास्टिक आणि मिठी नदीच्या पात्रातला भराव यांवरून गदारोळ झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने तिवरांच्या (खारफुटीच्या) जागेत राडारोडा टाकायला बंदी घातली. 2006 मध्ये महापालिकेचे स्वच्छता उपविधी (पोटनियम) आले आणि दंडाचं दरपत्रक ठरलं : थुंकल्यास 200 रुपये, कचरा टाकल्यास 200, रस्त्यावर गाडी धुतल्यास 1000. वसुली कोणी करायची, याचं उत्तर 2007 मध्ये निघालं. खासगी सुरक्षा एजन्सींना कंत्राट देऊन ‘क्लीन-अप मार्शल’ रस्त्यावर उतरवण्यात आले. पगार महापालिकेने द्यायचा नाही. एजन्सीने दंडातल्या वाट्यावर भागवायचं.

पुढचं सगळं या एका कलमातून आलं. उत्पन्न पावत्यांवर अवलंबून असलेला माणूस नेमका कुठे उभा राहील? जिथे दर मिनिटाला शेकडो माणसं जातात तिथे. म्हणजे स्टेशनबाहेर, सबवेच्या तोंडाशी, चौपाटीवर. बाहेरगावहून आलेला, हातात बॅग असलेला, गाडी चुकेल या घाईतला माणूस सर्वांत सोपा. गुटख्याची पुडी पडली की दोघं-तिघं घेरणार, ‘साहेब, पावती फाडू का?’ विचारणार आणि बऱ्याचदा पन्नास-शंभरात मांडवली होणार. अशा तक्रारी वाढल्या, योजना गुंडाळली गेली, काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली. कोरोनाकाळात हेच मार्शल मास्कचा दंड घेत फिरले. तेव्हाची हुज्जत आणि हाणामारीचे व्हिडिओ अनेकांना आठवत असतील. एप्रिल 2022 मध्ये मास्कची सक्ती गेली आणि मार्शलही गेले.

एप्रिल 2024 मध्ये ते परतले. या खेपेला पावतीपुस्तकाऐवजी मोबाइल ॲप आणि कमरेला छोटा प्रिंटर होता. हातोहात पैसे घेण्याला आळा बसावा, हा हेतू. दंड 100 ते 1000 रुपये. निम्मा वाटा मात्र एजन्सीचाच राहिला. तंत्र बदललं, गणित तेच, त्यामुळे तक्रारीही त्याच. वर्षभरात, एप्रिल 2025 मध्ये, कंत्राटं बंद झाली. मार्शलांमुळे थोडा तरी वचक होता, असं म्हणणारे होते, अजूनही आहेत. वचक होता, पण तो पायी चालणाऱ्यावर.

कारण बेकायदा कचऱ्याचा मोठा भाग पुडीचा नव्हेच, तो डेब्रिजचा, म्हणजे बांधकामाच्या राडारोड्याचा. घरात बाथरूमचं काम काढलं की फोडलेल्या लाद्या आणि प्लास्टर गोण्यांत भरून जिन्याखाली ठेवतात. कंत्राटदार म्हणतो, ‘ते मी बघतो.’ कुठे, हे सहसा कोणी विचारत नाही. रात्री टेम्पो किंवा डंपर खाडीकडच्या एखाद्या आडबाजूला मागे घेतला जातो, हौदा उचलला जातो, आणि थोड्याच वेळात तिवरांच्या कडेला आणखी एक ढीग पडलेला असतो. तिथे जमीन तयार होत असते, आणि अशा जमिनीला गिऱ्हाईक असतं. त्या वेळी, त्या जागी पावती फाडणारं कोणी नसायचं.

2016 च्या जानेवारीत देवनारची कचराभूमी पेटली. फेब्रुवारीअखेर उच्च न्यायालयाने कचऱ्याची सोय नाही म्हणून शहरातल्या नव्या बांधकामांना मनाई केली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अटींवर सैल केली. मार्च 2016 मध्येच केंद्राचे बांधकाम-कचऱ्याचे स्वतंत्र नियम आले : दिवसाला 20 टन किंवा महिन्यात एका प्रकल्पात 300 टनांहून अधिक राडारोडा निघत असेल, तर विल्हेवाटीचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागे. बिल्डर त्यात सापडायचा, बाथरूमवाला नाही. त्याच्यासाठी महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे : फोन करा, गाडी येईल. कंत्राटदाराचा टेम्पो दारात आधीच उभा असतो, हीच त्यातली अडचण. राडारोड्यावर प्रक्रिया करणारे दहिसर आणि शीळफाट्याजवळचे प्रकल्प तर नियम आल्यानंतर कित्येक वर्षांनी उभे राहिले.

मार्शल गेले त्याच एप्रिलमध्ये महापालिकेने नव्या उपविधींचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. त्यात कचरा टाकण्याचा दंड 200 वरून 500 रुपये सुचवला होता आणि घरटी कचराशुल्कही होतं. चर्चा जवळपास सगळी शुल्काचीच झाली. दंडवसुली पुन्हा महापालिकेच्या स्वतःच्या माणसांकडे, म्हणजे उपद्रव शोधकांकडे गेली.