छतावरच्या तंबूत दोघं झोपली तर गाडीचं छत चेपतं का?

"छताची मर्यादा 75 किलो, मग तंबू आणि वर दोन माणसं म्हणजे छत चेपलंच," असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. शंका रास्त आहे, कारण असा आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये खरोखरच असतो. मात्र तो धावत्या गाडीसाठी असतो.

गाडी धावताना ब्रेक, वळण आणि खड्ड्यांमुळे छतावरचं ओझं सगळीकडून ओढ घेतं. शिवाय वजन उंचावर गेल्याने गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून मर्यादा कमी ठेवतात. उभ्या गाडीत हे झटके नसतात. तंबूचं वजन क्रॉसबारवरून (छतावर आडव्या बसवलेल्या दांड्यांवरून) छताच्या कडांवर आणि तिथून खांबांवर उतरतं, मधल्या पत्र्यावर नाही. त्यामुळे उभी गाडी बरंच जास्त पेलते.

म्हणून कुठलाही तंबू कुठल्याही गाडीवर चालेल, असं मात्र मुळीच नाही. प्रवासात तंबू छतावरच असतो, म्हणून तेव्हा धावत्या गाडीची मर्यादा लागू होते. समजा ती 75 किलो, क्रॉसबार 6 किलोचे आणि तंबू 60 किलोचा. बेरीज 66, म्हणजे चालेल. आत ठेवलेल्या गाद्या-पांघरुणांचं वजनही मोजा. पावसात भिजलेलं कापड तर चांगलंच जड होतं. मर्यादा 50 असेल तर हा तंबू नकोच.

क्रॉसबारची स्वतःची मर्यादाही बघा. दोन्हींतली कमी असेल ती खरी. उभ्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये नसेल, तर 'धावत्या मर्यादेच्या तिप्पट धरा' असले हिशेब न करता गाडीच्या आणि क्रॉसबारच्या उत्पादकाला लेखी विचारा.