हतनूरचे दरवाजे आणि तापीचा पूर

‘हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले, म्हणून पूर आला,’ हे तापीकाठी भुसावळपासून प्रकाशापर्यंत दर पावसाळ्यात ऐकू येतं. हे खरं नाही. 1959 आणि 1968 मध्ये तापीला महापूर आले, तेव्हा हतनूर धरण झालेलंच नव्हतं.

हिशेब पाहा. धरणाची पूर्ण क्षमता 388 दशलक्ष घनमीटर. नदीतून 1 लाख क्युसेक (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) पाणी येत असेल, तर दिवसाला सुमारे 245 दशलक्ष घनमीटर जमा होतं. म्हणजे ठणठणीत रिकामं धरणही दीड दिवसाच्या आसपास काठोकाठ भरेल! त्यानंतर जेवढं येईल तेवढं सोडावंच लागतं. शिवाय वर पूर्णा आणि तापी एकत्र येतात, त्यामुळे अकोल्याचा, चिखलदऱ्याचा, बुऱ्हाणपूरचा पाऊस एकाच दारातून जातो.

दरवाजे एकदम जास्त उचलले तर खाली पाणी झपाट्याने चढतं, ही भीती मात्र रास्त आहे. म्हणून दरवाजांची संख्या मोजत बसू नका, विसर्गाचा, म्हणजे सोडलेल्या पाण्याचा आकडा आणि त्याचं एकक बघा. 1 क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) म्हणजे 35.3 क्युसेक. या दोहोंत गल्लत झाली की मोबाइलवर भलतीच बातमी फिरते.

आणि धुळ्यात पांझरा, अमळनेरात बोरी फुगली, तर हतनूरला दोष कसा? त्या नद्या हतनूरच्या खाली तापीला मिळतात. तापी तुडुंब असली की संगमाजवळ त्यांचं पाणी तुंबतं आणि काठच्या गावात मागे सरकतं.