मेसोथेलिओमावरची जीन थेरपी

फुप्फुसाभोवती दोन पदरी पातळ आवरण असतं, डॉक्टर त्याला प्ल्यूरा म्हणतात. त्याचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा, बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत गेल्यावर काही दशकांनी होणारा. जीन थेरपीसाठी, म्हणजे पेशीत बाहेरून जीन घालून करायच्या उपचारासाठी, हा आजार निवडला जाण्याचं कारण साधं आहे, दोन पदरांमधल्या पोकळीत नळी घातली की औषध थेट गाठीपर्यंत पोचतं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही प्रयोग झाले, ह्यूस्टनच्या जॅक रॉथ यांच्या टीमने गाठीची वाढ रोखणारा पी५३ जीन गाठीत टोचल्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये आले.

मेसोथेलिओमातलं मुख्य काम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातलं, स्टीव्हन अल्बेल्डा आणि डॅनियल स्टर्मन यांचं, साधारण १९९५ पासूनचं. बाहेरचा जीन पेशीत घालून मग औषधाने ती मारायची ही मूळ कल्पना त्याआधीची, श्रेय सहसा फ्रेडरिक मूल्टन यांच्या १९८६ च्या पेपरला देतात. टीमची पद्धत अशी, ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिस व्हायरसचा थायमिडीन कायनेज हा जीन दुबळ्या केलेल्या ॲडिनोव्हायरस या दुसऱ्या व्हायरसमध्ये बसवायचा, तो नळीतून छातीत सोडायचा आणि मग १४ दिवस सलाईनमधून गॅनसायक्लोव्हिर हे व्हायरसवरचं औषध द्यायचं. एरवी पेशींना फारसं काही न करणारं हे औषध, हा जीन असलेल्या पेशीत गेलं की विषारी होतं आणि पेशी मरते, म्हणून याला 'सुसाइड जीन' म्हणतात.

खरा वाद पुढे आहे. या टीमच्या १९९८ च्या पेपरमध्ये २० पैकी ११ पेशंटच्या गाठीत जीन पोचलेला दिसला, पण तोही वरच्या थरांपुरताच, तरी २००५ च्या फॉलोअपमध्ये जास्त डोस मिळालेले दोघं साडेसहा वर्षांहून अधिक काळ जगलेले होते, मग इतक्या थोड्या पेशींत जीन जाऊन हे झालं कसं? एक मत असं की विषारी झालेलं औषध शेजारच्या पेशींत झिरपतं, त्याला बायस्टँडर इफेक्ट म्हणतात, आणि प्रयोगशाळेत तो दिसतोही. दुसरं मत असं की व्हायरसमुळे शरीराची प्रतिकारशक्तीच जागी होते आणि ती गाठीवर तुटून पडते. दुसरं जास्त पटतं, कारण याच टीमने नंतर हर्पिसचा जीन बाजूला ठेवून प्रतिकारशक्ती चेतवणारा इंटरफेरॉनचा जीन वापरायला घेतला. पण दोन पेशंटवरून उपचार सिद्ध होत नाही, हेही तितकंच खरं.

न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर रुग्णालयात प्रसाद अदुसुमिल्ली यांच्या टीमने गाठीच्या पेशींवरचं मेसोथेलिन हे प्रथिन ओळखणाऱ्या कार-टी पेशी, म्हणजे जीन घालून कॅन्सरविरुद्ध तयार केलेल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, याच पोकळीत सोडल्या, त्याचे निष्कर्ष २०२१ चे. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी थेरपीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, नातेवाईक आशेने त्याबद्दल विचारतात, पण ती थेरपी रक्ताच्या काही कॅन्सरांसाठी आहे, छातीतल्या गाठींसाठी नाही.