पान चालतं, फुलोरा नाही: भांग, खाणं आणि भटकंती

जैसलमेरच्या किल्ल्याच्या दाराशी सरकारमान्य भांगेचं दुकान आहे. लस्सी, बिस्किटं, सगळं उघड मिळतं. उंटावरून वाळूच्या टेकड्यांकडे निघालेले पर्यटक आधी तिथे थांबतात, पाटीसोबत फोटो काढतात. तीच बिस्किटं पिशवीत घालून महाराष्ट्रात आणली तर मात्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. झाड एक, देश एक, पण राज्याची हद्द ओलांडली की हिशोब बदलतो.

त्याचं मूळ 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये आहे. त्यात गांजाची व्याख्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळावर आलेले शेंडे अशी आहे. शेंड्यांसोबत नसतील तर पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. चरस, म्हणजे झाडाची राळ, कुठल्याही रूपात बंद. पानांपासून केलेली भांग अशा रीतीने केंद्राच्या कायद्यातून सुटली आणि राज्यांच्या अबकारी खात्यांकडे गेली. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश इथे तिचे ठेके दिले जातात. कर्नाटक उच्च न्यायालयानेही 2022 मध्ये एका जामीन प्रकरणात भांग एनडीपीएसमध्ये येत नाही असंच म्हटलं.

ही वाटणी 1985 मध्ये अचानक सुचलेली नाही. गोव्यात 1563 मध्ये छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने भांगेवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. हाच तो वैद्य, ज्याच्याकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होतं. साखर, जायफळ, लवंग असं काय काय घालून केलेल्या भांगेच्या पाकाचं, म्हणजे माजूमचं, वर्णन त्यात आहे. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने पोर्तुगीज सरदार मार्तिम अफोंसो द सोझाला सांगितलेली गोष्टही तो देतो: रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराणला जावंसं वाटलं, की थोडी भांग खाल्ली की झालं. घरबसल्या प्रवासाची याहून चांगली जाहिरात आजच्या पर्यटन कंपन्यांनाही जमलेली नाही.

इंग्रजांना या झाडातून महसूल हवा होता आणि विलायतेतल्या संसदेत त्यावरून प्रश्न विचारले जात होते. म्हणून 1893 मध्ये मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याने 1,193 साक्षी नोंदवल्या. त्या काळी मुंबई इलाख्यातली गांजाची शेती मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरमध्ये होत असे. आयोगाचा निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे: बेताने घेतली तर हानी जवळपास नाही, सरसकट बंदी गरजेची नाही आणि शहाणपणाचीही नाही. भांग तर देवधर्माशी जोडलेली, तिला हात लावला तर लोक चिडतील. कर लावा, परवाने द्या, पुरवठा आवळा. आजची ठेक्याची पद्धत याच सल्ल्याची नात म्हणायला हरकत नाही.

1961 च्या अमली पदार्थांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाची जी व्याख्या ठरली, तिच्यातही सुटी पानं आणि बिया बाहेर राहिल्या. गांजाचा बिगरवैद्यकीय वापर थांबवायला 25 वर्षांची सवलत होती, ती संपत आली तेव्हा आपण एनडीपीएस केला. माझ्या मते यात तत्त्व कमी आणि व्यवहार जास्त होता. शिवरात्रीच्या आणि होळीच्या दिवशी काशी-मथुरेत धाडी घालायला कोण तयार झालं असतं?

आता खाण्याकडे. भांग दुधातुपात का घालतात, याचं उत्तर रसायनात आहे. तिच्यातला नशेचा घटक, टीएचसी, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणून ठंडाई, लस्सी, माजूम. बनारसी ठंडाईत बदाम, बडीशेप, मगज, खसखस, मिरी, वेलची, गुलाबपाकळ्या वाटून दुधात कालवतात. पानं धुऊन, पाट्यावर लोण्यासारखी घोटून केलेला भांगेचा गोळा त्यात वेगळा पडतो. गोड, थंड आणि मसालेदार असल्याने चव दबते, आणि नेमकी तिथेच नवख्यांची गफलत होते. ओढलेला गांजा मिनिटांत चढतो, खाल्लेल्या भांगेला अर्धा तास ते दोन तास लागतात आणि मग ती कित्येक तास उतरत नाही. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा पेला मागवणाऱ्याची संध्याकाळ घाटाऐवजी लॉजच्या खोलीत जाते. वाळवंटात उन्हातान्हात किंवा डोंगरवाटेवर हा प्रयोग तर करूच नये. तोल, तहान आणि वेळेचं भान, तिन्ही एकदम बिघडतात.

खरी पाककला मात्र मला उत्तराखंडातल्या कुमाऊँमध्ये दिसते, आणि तिच्यात नशेचा संबंधच नाही. तिथे बिया खातात. बिया कोरड्या भाजायच्या, जिरं भाजायचं, मिरची, मीठ, पहाडी लिंबाचा रस, आणि सगळं पाट्यावर वाटायचं: ही भांगेची चटणी. आलू के गुटके, म्हणजे जिऱ्या-मिरचीत परतलेले बटाटे, किंवा मंडुव्याची, आपल्या नाचणीची, भाकरी तिच्याशिवाय अपुरी. चव आपल्या जवसाच्या चटणीच्या जवळची, पण आंबट आणि मऊ. थंडीत उन्हात बसून खायची निंबू सानी असते: मोठ्या पहाडी लिंबाच्या फोडी, दही, गूळ आणि भाजलेल्या बियांची पूड. गडेरी नावाच्या अळकुडीच्या भाजीतही बिया वाटून त्यांचं दूध घालतात. त्याच झाडाच्या सालीच्या धाग्याचं जाडंभरडं कापड आणि पोती विणली जात. नैनीताल-अल्मोड्याला जाणारे आपले ट्रेकर मॅगी खाऊन परत येतात, ही तक्रार नोंदवून ठेवतो.

हिमाचलातल्या कुल्लू-पार्वती खोऱ्यात उलट घडलं. तिथे धाग्याच्या विणलेल्या पादत्राणांपेक्षा चरसाची ख्याती पसरली आणि मलाणा हे गाव जगभरच्या नकाशावर आलं. 2017 मध्ये जमलू या ग्रामदेवतेच्या आदेशावरून गावाने पर्यटकांच्या मुक्कामावरच बंदी घातली. चरस तिथेही पूर्ण बेकायदा आहे. अगदी थोडा सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद, आणि किलोहून जास्त असेल तर किमान दहा वर्षं. ‘हिमाचलात चालतं’ या समजुतीने गेलेल्यांना हे माहीत असावं.

कायद्याची वाट आता धाग्या-बियांच्या बाजूने रुंदावते आहे. एनडीपीएसच्या कलम 14 खाली सरकारला अशी लागवड करू देता येते. उत्तराखंडने 2018 मध्ये पहिला परवाना दिला, टीएचसी 0.3 टक्क्यांहून कमी असण्याच्या अटीवर. गोव्यात औषधी लागवडीचा प्रस्ताव 2020 च्या अखेरीस गाजला आणि विरोधानंतर गार पडला.

थायलंडने 2022 च्या जूनमध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, तेव्हा उपाहारगृहांत पानं घातलेले पदार्थ आले आणि पर्यटकही. 2025 मध्ये फुलासाठी वैद्यकीय चिठ्ठी सक्तीची झाली. बँकॉकहून आलेल्या सामानात ‘हायड्रोपोनिक’, म्हणजे मातीविना वाढवलेला, गांजा पकडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून सतत येतात. तिकडे कायदेशीर होता ही सबब इथे चालत नाही.

महाराष्ट्रात भांगेचं पान परवान्याशिवाय बाळगणं किंवा पिणं 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली येतं, होळीलासुद्धा. बियांचं तसं नाही. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांत टीएचसीची मर्यादा किलोला 5 मिलिग्रॅम, तेलात 10. त्यामुळे कुमाऊँची चटणी पुण्यातही करता येते. पाकिटावर अन्नपरवान्याचा क्रमांक तेवढा पाहून घ्यावा, आणि बिया भाजताना गॅस मंद ठेवावा, कारण त्या पटकन करपतात.