शिक्का बसणं (कोल्हापूरचा सिनेमा आणि नाटक)

एकाच धाटणीची कामं करत गेलं की नटाला दुसरं काम मिळायचंच बंद होतं, त्याला टाइपकास्ट होणं म्हणतात. आपल्याकडे सरळ 'शिक्का बसला' म्हणतात. हे जास्त करून चरित्र अभिनेत्यांच्या वाट्याला येतं, म्हणजे हिरो-हिरोईन सोडून पाटील, सावकार, सासू, मास्तर, हवालदार असली कामं करणाऱ्यांच्या.

हा प्रकार काही सिनेमाने आणलेला नाही. जुन्या नाटक कंपन्यांत नटाची ओळखच राजापार्ट (राजा-नायक करणारा), स्त्रीपार्ट (बाईचं काम करणारा पुरुष) अशी असायची, तमाशातही सोंगाड्या, मावशी, नाच्या (बायकी हावभाव करून नाचणारा पुरुष) ठरलेले, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, तोच त्याचा धंदा. कोल्हापूरचे केशवराव भोसले पोरवयात 'शारदा' नाटकात शारदा करून गाजले आणि पुढं १९२१ च्या संयुक्त 'मानापमान'मध्ये नायक धैर्यधर झाले, म्हणजे स्त्रीपार्टातून सुटले. समोर नायिका भामिनी होते बालगंधर्व. त्यांनी १९३५ साली 'धर्मात्मा' सिनेमात संत एकनाथ केले, पण लोकांच्या डोळ्यासमोरची भामिनी काही हलली नाही.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, मग १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी (ती १९३३ ला पुण्याला गेली), नंतर भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ अशी सिनेमाची रांगच लागली. पुढं ग्रामीण आणि तमाशापटांची लाट आली तेव्हा बजेट बेताचं, त्यामुळे नट पडद्यावर आला की कोण आहे ते पब्लिकला न सांगता कळायला पाहिजे. धोतर, फेटा, मिशी आणि बेरकी नजर, झाला पाटील. पुढच्या पिक्चरला पुन्हा तोच.

यातलं सगळ्यात जिव्हारी लागणारं उदाहरण कोल्हापूरचेच, गणपत पाटील. तमाशापटात नाच्या म्हटलं की तेच, कमरेत वाकून हात नाचवत 'आत्ता गं बया' म्हटलं की थिएटर डोक्यावर घ्यायचं. पण त्या टाळ्यांची किंमत घरापर्यंत गेली, बायको-पोरं असलेला संसारी माणूस, तरी लोकांनी पडद्यावरचाच खरा धरला आणि चेष्टा, टोमणे, संशय सगळं त्याच्या पदरात टाकलं. खलनायक करणाऱ्याला लोक घाबरतात तरी, नाच्या करणाऱ्याला हसतात, आणि हसणं जास्त टिकतं असं माझं मत. २००८ साली ते कोल्हापुरातच गेले. (कागलच्या आनंद यादवांची 'नटरंग' कादंबरी आणि २०१० चा त्यावरचा सिनेमा ही गणपत पाटलांची गोष्ट नव्हे, त्यातला गुणा पैलवानी अंगाचा गडी आहे आणि तो नाच्या होतो. पण पिक्चर बघताना इथल्या माणसाला गणपत पाटील आठवल्याशिवाय राहत नाहीत.)

निळू फुले पुण्याचे, राष्ट्र सेवा दलात घडलेले, एकदम मऊ माणूस. तरी गावोगाव बायका त्यांना शिव्या घालायच्या कारण पडद्यावर ते कायम बाईच्या वाईटावर टपलेले. त्यांना 'सिंहासन'मध्ये (१९७९) दिगू टिपणीस हा पत्रकार मिळाला आणि शिक्का थोडा पुसला, अशी संधी गणपत पाटलांच्या वाट्याला फारशी आली नाही.

बायकांचा शिक्का वयाचा असतो. सुलोचनाबाई भालजींच्या हाताखाली जयप्रभात तयार झाल्या, मराठीत नायिका म्हणून गाजल्या आणि हिंदीत गेल्यावर कायमच्या आई झाल्या. तिथं पुरुषाला पन्नाशीतही हिरोचं काम मिळायचं, हे वेगळं सांगायला नको.

सोन्याचा शिक्काही असतो, म्हणजे मान देणारा. भालजींच्या १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी'त महाराज केले चंद्रकांत मांडरे यांनी, त्यांचे भाऊ सूर्यकांत यांनीही पुढं महाराज केले. चंद्रकांत मुळात चित्रकार, पावडर शेडिंगची त्यांची निसर्गचित्रं आजही राजारामपुरीतल्या संग्रहालयात बघायला मिळतात, आणि तिथं फेटा-तलवार डोक्यातून जाऊन नुसती झाडं आणि डोंगर दिसतात.

आता सिरियलचं शूटिंग कोल्हापूरच्या आसपास होतं आणि शिक्का रोज संध्याकाळी घरात येऊन बसतो. 'तुझ्यात जीव रंगला' २०१६ ला सुरू झाली, शूटिंग करवीर तालुक्यातल्या वसगडे गावात. त्यातल्या हिरोला लोक अजून राणादा म्हणून हाक मारतात आणि पाठोपाठ 'चालतंय की' ऐकवतात.